विश्लेषण : पुस्तक आहे, पण उघडत नाही! ई-पुस्तकांच्या फॉरमॅटचा गुंता नेमका काय?

अष्टमीच्या काकांचा प्रश्न साधा होता. नातीने वाढदिवसाला ई-रीडर भेट दिला होता. कुंडलिकेच्या काठावरच्या आठवणींची ८४ पानांची पुस्तिका काकांनी २००२ मध्ये पदरमोड करून छापून घेतली होती आणि तिची सीडी कपाटात होती. ‘अरे, माझंच पुस्तक या पाटीवर दिसेल का?’ एवढेच त्यांना विचारायचे होते. उत्तर मिळायला दोन महिने लागले. छापील प्रतींपैकी घरात एकच उरली होती आणि तिच्या मधल्या पानांना वाळवी लागली होती. म्हणजे त्या पानांपुरती ती सीडी हीच एकमेव प्रत होती. ती उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता सडा पडला.

ई-पुस्तकांच्या बाबतीत असे अनुभव मराठी वाचकाला नवे नाहीत. कोणाचे पुस्तक फोनवर दिसते पण किंडलवर दिसत नाही, कोणाच्या पुस्तकात अक्षरांऐवजी चौकोन येतात, कोणाची वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते, तर कोणी विकत घेतलेले पुस्तक दुसऱ्या ॲपमध्ये नेताच येत नाही. ही सगळी दुखणी सरसकट ‘फॉरमॅटचा प्रॉब्लेम’ या नावाने ओळखली जातात. प्रत्यक्षात ती वेगवेगळी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

पीडीएफ म्हणजे पुस्तक की पुस्तकाचा फोटो?

रोह्याहून दिव्याला जाणाऱ्या गाडीत फोनवर मराठी पुस्तक वाचणारा प्रवासी पाहिला की बहुतेक वेळा त्याच्यासमोर पीडीएफ असते. दोन बोटांनी पान मोठे करायचे, ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायची, ओळ संपली की परत डावीकडे यायचे. दहा पानांत माणूस थकतो आणि ‘ई-पुस्तक काही आपल्याला जमत नाही’ असे म्हणून मोकळा होतो. दोष ई-पुस्तकाचा नसतो, पीडीएफचा असतो. खरे तर पीडीएफचाही नसतो, कारण ती या कामासाठी बनलेलीच नाही.

ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये पीडीएफ आणली ती कागदाची हुबेहूब प्रतिकृती म्हणून. कोणत्याही संगणकावर उघडा, कोणत्याही प्रिंटरवर छापा, पान जसेच्या तसे राहिले पाहिजे, हा तिचा उद्देश होता. २००८ मध्ये तिला आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानक मिळाले. सातबारा, पावती, निकालपत्र यांसाठी याहून चांगली व्यवस्था नाही. मात्र पीडीएफला ‘परिच्छेद’ माहीत नसतो. हे अक्षर पानाच्या या कोपऱ्यापासून इतक्या अंतरावर, एवढेच तिला ठाऊक असते. त्यामुळे अक्षर मोठे केले की ओळ आपोआप खाली वळत नाही, ती पडद्याबाहेर जाते.

त्यातही दोन जाती आहेत. एका पीडीएफमध्ये निदान अक्षरे तरी असतात. दुसरीत तीही नसतात, केवळ स्कॅन केलेल्या पानांची चित्रे असतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुस्तके संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, हे मोठेच काम आहे. मात्र त्यांतली जुनी पुस्तके अशीच चित्रस्वरूपात आहेत. त्यांत शब्द शोधता येत नाही आणि लहान पडद्यावर ती सुखाने वाचताही येत नाहीत. आपल्या फाइलची जात ओळखायची सोपी खूण आहे. पानावरच्या एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला तर अक्षरे आहेत, नाहीतर चित्र.

ईपबच्या पोटात काय असते?

ईपब फाइलच्या नावातले शेवटचे ‘डॉट ईपब’ पुसून ‘डॉट झिप’ लिहा आणि ती उघडा. आत एखाद्या छोट्या वेबसाइटसारखा संसार दिसेल. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल, मुखपृष्ठाचे चित्र, अक्षरांचे रूप ठरवणारी एक फाइल, अनुक्रमणिका, आणि लेखक-प्रकाशक-भाषा यांची नोंद. पान नावाची गोष्ट आत कुठेच नाही. पान वाचताना तयार होते, पडद्याच्या आणि वाचकाच्या डोळ्यांच्या मापाने. पंचविशीतल्या मुलीच्या फोनवर जे पुस्तक ३०० पानांचे, तेच तिच्या आजोबांच्या फोनवर ९०० पानांचे होते, आणि दोघांनाही ते नीट वाचता येते.

हा फॉरमॅट कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. २००७ मध्ये प्रकाशक आणि तंत्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तो ठरवला आणि २०११ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली. २०१७ पासून त्याची देखभाल वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेकडे आहे. ॲपलचे बुक्स, गुगल प्ले बुक्स, कोबोची उपकरणे आणि अँड्रॉइडवरची बहुतेक वाचन-ॲप्स ईपब थेट उघडतात. शिवाय एकदा उतरवले की नेटवर्क लागत नाही. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे सुरू होते आणि बोगद्यांत फोनची रेंज जाते, तिथे याची किंमत कळते.

किंडलचे गोत्र वेगळे का?

ॲमेझॉनने २००५ मध्ये मोबीपॉकेट ही फ्रेंच कंपनी विकत घेतली आणि २००७ च्या नोव्हेंबरमध्ये किंडल बाजारात आणले. तेव्हापासून किंडलची वंशावळ वेगळी आहे. आधी मोबी, २०११ च्या सुमारास एझेडडब्ल्यू३ आणि २०१५ पासून केएफएक्स. मराठी वाचकाच्या दृष्टीने खरी तारीख मात्र डिसेंबर २०१६ ची. तेव्हा ॲमेझॉनने मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम या पाच भारतीय भाषांतली पुस्तके किंडलवर आणली.

केबल लावून किंडलमध्ये टाकलेली ईपब फाइल आजही थेट उघडत नाही. मात्र २०२२ पासून ‘सेंड टू किंडल’ या सेवेतून ईपब पाठवता येते. ती वाटेत ॲमेझॉनच्या संगणकावर त्यांच्या फॉरमॅटमध्ये बदलते आणि मग तुमच्या उपकरणात उतरते. याच सेवेने पुढे मोबी घेणे बंद केले. त्यामुळे ‘किंडलसाठी मोबी करा’ हा जुन्या लेखांतला सल्ला आता विसरलेला बरा. केबलनेच टाकायचे असेल तर एझेडडब्ल्यू३ करावे.

मराठीचे दुखणे कुठे आहे?

इथपर्यंतची गोष्ट जगातल्या कोणत्याही भाषेला लागू आहे. इंग्रजी वाचक इथे थांबू शकतो, मराठी वाचकाला पुढे जावे लागते.

युनिकोड या जागतिक व्यवस्थेत देवनागरी १९९१ पासून आहे. ‘म’ला एक ठरलेला क्रमांक, ‘र’ला दुसरा. मात्र घरोघरच्या विंडोज संगणकांना ही अक्षरे नीट जोडून दाखवता यायला लागली ती विंडोज २००० पासून. छपाईसाठी पाने लावण्याची सॉफ्टवेअर त्याहूनही मागे राहिली. इनडिझाइनमध्ये मराठीची सोय धड झाली ती २०१२ च्या आवृत्तीत. तोवर पेजमेकर आणि क्वार्कवर वर्तमानपत्रे, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तके आणि लग्नपत्रिका निघत होत्याच. त्या कशा निघत होत्या? एका हुशार फसवणुकीने.

संगणकाला इंग्रजी अक्षरेच कळतात ना, मग इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवायचे! पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्री-लिपी, सी-डॅकचे आयएसएम, आकृती, शिवाजी, कृतिदेव ही सगळी त्या काळची नावे. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने ‘ई, जे, के, बी, एच’ अशी पाच इंग्रजी अक्षरे असतात. फॉन्ट लावलेला असेल तर डोळ्यांना ‘मराठी’ दिसते. फॉन्ट काढला की उरतो इंग्रजी पाचोळा. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, आणि एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही फरक. कागदावर छापून झाले की काम संपत होते, म्हणून कोणालाच ते खटकले नाही.

आज तीच फाइल ई-पुस्तकात बदलायला गेलो की फॉन्ट मागे राहतो आणि पाचोळा पुढे येतो. काकांच्या सीडीत नेमके हेच झाले होते. ज्या डीटीपीवाल्याने पुस्तिका लावली, त्याचा यात काही गुन्हा नाही. १९९० ते २०१० या वीस वर्षांत महाराष्ट्रात टाइप झालेला बराचसा मजकूर याच अवस्थेत आहे. खांडेकर-पुलंच्या पुस्तकांना प्रकाशक आहेत, ती पुन्हा टाइप होतील. पेणच्या एखाद्या गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा अंक, ग्रामदैवताची माहिती देणारी पुस्तिका, कोणा आजीने सांगितलेल्या ओव्यांचा संग्रह, यांना कोण विचारणार? माझ्या मते धोका तिथे आहे.

उपाय नाही असे नाही. पहिली पायरी फॉन्टचे नाव शोधण्याची. पीडीएफ असेल तर ती संगणकावर उघडून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘फॉन्ट्स’ पाहिले की नाव सापडते, उदाहरणार्थ ‘श्री-देव’ आणि पुढे आकडा. नाव कळले की त्या फॉन्टचा युनिकोड-बदलक वापरायचा. असे बदलक इंटरनेटवर मोफतही मिळतात. ते केवळ एका चिन्हाच्या जागी दुसरे ठेवत नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे आणि रफार अक्षराच्या नंतर, कारण कागदावर डोळ्यांना तसे दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर. हा क्रम उलटवताना बदलकाची त्रेधा उडते, विशेषतः ‘र्थि’, ‘स्थि’, ‘र्वि’ यांसारख्या जोडाक्षरांत. म्हणून बदलानंतर एकदा तरी माणसाने वाचणे आले.

चित्ररूप पीडीएफचे औषध वेगळे. तिथे चित्रातली अक्षरे ओळखणारे ओसीआर लागते. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी ओळखते. गुगल ड्राइव्हमध्ये पानाचे चित्र टाकून ते डॉक्समध्ये उघडले तरी मजकूर मिळतो. छपाई स्वच्छ असेल तर निकाल बरा येतो. शिळा कागद, पुसट शाई आणि खिळ्यांची जुनी छपाई असेल तर ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’, ‘ष’चा ‘प’ होतो. ‘घन’चे ‘धन’ झालेले मुद्रितशोधकाच्या डोळ्यांनाही पटकन दिसत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत.

‘दऱ्या’चा ‘दर्या’ कसा होतो?

समजा पुस्तक युनिकोडमध्ये आहे, ईपब आहे, सगळे सुरळीत आहे. तरीही मराठीची एक खोड बाकी राहते. सह्याद्रीच्या दऱ्या आणि कोळ्यांचा दर्या हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात अर्ध्या ‘र’ची आडवी रेघ, दुसऱ्यात डोक्यावर रफार. रोह्याहून वर गेले की दऱ्या आणि कुंडलिकेबरोबर खाली रेवदंड्याकडे गेले की दर्या. हिंदीत हा भेद नाही, त्यामुळे फक्त हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बनलेल्या सॉफ्टवेअरला तो समजत नाही.

युनिकोडमध्ये ही आडवी रेघ दोन पद्धतींनी लिहिली जाते. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून. दुसरी, साध्या ‘र’च्या हलन्तानंतर शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. फाइल बदलताना किंवा ‘साफ’ करताना एखादे सॉफ्टवेअर हे अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून झाडून टाकते, आणि दऱ्यांमध्ये समुद्र शिरतो. ‘आचाऱ्यांनी जेवण केले’ या वाक्यात ‘आचार्यांनी’ येऊन बसतात. पुस्तक स्वतः टाइप करत असाल तर ‘ऱ’ वापरणे सुरक्षित. बदललेले असेल तर ‘र्या’, ‘र्यां’, ‘र्हा’ हे तुकडे एकदा शोधून तपासावेत.

दुसरी गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ची. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात. कोणते दाखवायचे ते फाइलमधल्या भाषेच्या नोंदीवरून ठरते. ती नोंद ‘इंग्रजी’ किंवा ‘हिंदी’ राहिली तर मराठी पुस्तक परक्या वळणाने उमटते. वाचता येते, पण काहीतरी खुपत राहते. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहायला दहा सेकंद लागतात.

चौकोनांचे दुखणे त्या मानाने किरकोळ आहे. चौकोन म्हणजे मजकूर शाबूत आहे, उपकरणात देवनागरी फॉन्ट नाही. मुक्ता, नोटो किंवा शोभिका यांसारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट पुस्तकातच भरून टाकला की बहुतेक ठिकाणी काम होते. यातला मुक्ता मुंबईच्या एक टाइपचा. शोभिका आयआयटी मुंबईचा, आणि त्याची देवनागरी अक्षरे राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रावर बेतलेली. अक्षरे सुटी सुटी, मात्रा भलतीकडे आणि वेलांटीजवळ ठिपक्यांचे वर्तुळ दिसत असेल, तर मात्र बहुधा वाचन-ॲपच जुने आहे. फाइलशी झटापट करण्याआधी तीच फाइल दुसऱ्या ॲपमध्ये उघडून पाहावी.

कॅलिबर काय करते, काय करू शकत नाही?

या सगळ्या कामांसाठी जगभर वापरले जाणारे सॉफ्टवेअर एका भारतीयाने लिहिले आहे, हे अनेकांना माहीत नसते. सोनीचा ई-रीडर २००६ मध्ये आला तेव्हा तो लिनक्सवर चालत नव्हता. कोविद गोयल या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या सोयीसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचेच पुढे ‘कॅलिबर’ झाले. ते मोफत आहे, त्याचा स्रोत खुला आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. पुस्तक आत ओढा, ‘कन्व्हर्ट’ दाबा, हवा तो फॉरमॅट निवडा, उपकरण केबलने जोडा आणि पाठवा. ईपबचे एझेडडब्ल्यू३, वर्डच्या फाइलचे ईपब, जुन्या मोबीचे ईपब ही कामे ते चोख करते.

पीडीएफचे ईपब मात्र मराठीत जवळजवळ फसतेच. पीडीएफमधून उपसलेल्या मराठी मजकुरात वेलांट्या पुढे-मागे होतात आणि जोडाक्षरे गळतात. अगदी युनिकोडमध्ये टाइप केलेले पुस्तक असले तरीही. कारण पीडीएफ अक्षरांची चित्रे कुठे बसली ते लक्षात ठेवते, शब्द कसा बनला ते ठेवेलच असे नाही. म्हणून पीडीएफ बदलत बसण्याऐवजी लेखकाकडे किंवा डीटीपीवाल्याकडे मूळ वर्डची फाइल मागावी. ती मिळाली तर तासाचे काम मिनिटाचे होते.

कॅलिबर वापरताना दोन-तीन गोष्टी मराठी वाचकाने मुद्दाम पाहाव्यात. बदलाच्या पर्यायांत ‘युनिकोड अक्षरांचे रोमन लिप्यंतर करा’ अशा अर्थाची एक खूण असते. ती एरवी बंदच असते, पण चुकून लागली तर अख्खे पुस्तक रोमन लिपीत येईल. दुसरे, लेखकाचे नाव. ‘वि. स. खांडेकर’, ‘वि.स. खांडेकर’ आणि ‘वि स खांडेकर’ हे कॅलिबरच्या दृष्टीने तीन वेगळे लेखक आहेत. शंभर पुस्तके झाली की हा घोळ निस्तरणे कटकटीचे होते, त्यामुळे पहिल्याच दिवशी एक पद्धत ठरवावी. आणि तिसरे, कॅलिबर ज्या फोल्डरमध्ये पुस्तके ठेवते त्यात बाहेरून हात घालू नये. तिथली फाइल हाताने हलवली किंवा तिचे नाव बदलले की त्याच्या वहीतली नोंद आणि कपाटातले पुस्तक यांची ताटातूट होते.

विकत घेतलेले पुस्तक आपले असते का?

छापील पुस्तक विकत घेतले की ते कोणाला द्यायचे, कुठल्या खोलीत ठेवायचे हे आपण ठरवतो. ई-पुस्तकाच्या बहुतेक दुकानांतून आपण घेतो तो फक्त वाचण्याचा परवाना. त्यावर डीआरएम नावाचे कुलूप असते आणि किल्ली दुकानदाराकडे. किंडलवर घेतलेले पुस्तक कोबोवर उघडत नाही. बुकगंगाची ई-पुस्तके बुकगंगाच्या ॲपमध्येच वाचायची असतात. दुकान चालू आहे तोवर ठीक.

दुकान बंद झाले तर? फ्लिपकार्टने २०१५ च्या अखेरीस ई-पुस्तकांचा व्यवसाय सोडला आणि ग्राहकांना कोबोकडे वळवले. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान मिटले तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पुस्तके मात्र त्यांच्या उपकरणांतून गेली. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने एका हक्काच्या वादातून ग्राहकांच्या किंडलमधून पुस्तके दुरून पुसली. त्यांत नेमके ऑर्वेलचे ‘१९८४’ होते. कंपनीला नंतर माफी मागावी लागली. आणि २६ फेब्रुवारी २०२५ पासून, विकत घेतलेले किंडल पुस्तक संगणकावर उतरवून केबलने उपकरणात टाकण्याची सोयही ॲमेझॉनने बंद केली.

मग कुलूप तोडावे का? कॅलिबर स्वतः ते तोडत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ अ सांगते की, हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. सुटसुटीत मार्ग खरेदीच्या आधीचा आहे. तेच पुस्तक कुलपाविना मिळते का ते पाहावे, आणि मिळत असेल तर तिथून घ्यावे.

कोणती पुस्तके मोकळी?

आपल्याकडे लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत कॉपीराइट राहतो. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. याचे एक उदाहरण याच भागातले आहे. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती लिहून घेतली साने गुरुजींनी. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांची स्वतःची पुस्तके २०११ पासून सर्वांना मोकळी आहेत. विनोबा १९८२ मध्ये गेले, म्हणून या हिशेबाने त्यांच्या पुस्तकांचा हक्क २०४२ अखेरपर्यंत चालेल. प्रवचने उतरवणाऱ्याची पुस्तके मोकळी झाली, बोलणाऱ्याची अजून नाहीत.

साने गुरुजींचे साहित्य मराठी विकिस्रोतावर युनिकोडमध्ये आहे, आणि तिथून पुस्तक ईपब म्हणून उतरवून घेता येते. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने पुस्तके मोफत देते. तेवढ्याने वाचनाची भूक भागत नसेल तर विकत घ्यावे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘५०० मराठी पुस्तके’ छापाच्या गठ्ठ्यांत हयात लेखकांची चालू पुस्तके असतात. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षे लागतात, तिथे असा एक गठ्ठा काय करतो हे वेगळे सांगायला नको.

कानांनी वाचणाऱ्यांचे काय?

फॉरमॅटची चर्चा आपण सोयीची म्हणून करतो. अंध वाचकासाठी ती पुस्तक असण्या-नसण्याची असते. त्याच्या फोनमधला स्क्रीन-रीडर युनिकोड ईपब सरळ वाचून दाखवतो, प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारू देतो. चित्ररूप पीडीएफपुढे तो मुका होतो. आणि जुन्या फॉन्टची फाइल असेल तर ‘मराठी’ऐवजी खरोखरच ‘ई जे के बी एच’ असे काहीतरी बरळतो. २०१२ च्या त्याच दुरुस्तीने अपंग व्यक्तीच्या वाचनासाठी पुस्तकाचे सुलभ रूप करायला परवानगी दिली आहे. मराकेश करार मान्य करणारा भारत हा २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला, आणि २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. कायदा वाट मोकळी करतो, ‘घ’चा झालेला ‘ध’ मात्र कोणीतरी बसून सुधारावाच लागतो.

काकांच्या पुस्तिकेचे काय झाले?

सीडी सुदैवाने वाचली गेली. आत पेजमेकरची फाइल होती आणि ती उघडणारा संगणक घरात कोणाकडेच नव्हता. पेणला एका डीटीपीवाल्याकडे लग्नपत्रिकांच्या जुन्या नमुन्यांसाठी जपून ठेवलेला एक संगणक निघाला. त्याने चहा पीत पीत मजकूर साध्या फाइलीत काढून दिला, फॉन्टचे नाव कागदावर लिहून दिले आणि पैसे घेतले नाहीत. बदलकातून काढल्यावर निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काकांनी आणि नातीने केले, रोज संध्याकाळी चार पाने. ती पडद्यावरून मोठ्याने वाचायची, काका आठवणीतून दुरुस्त करायचे. वाळवीने खाल्लेली पाने अशीच परत आली. ‘दर्या’ अठरा ठिकाणी निघाला. त्यातले चौदा ‘दऱ्या’ होते, चार खरेच समुद्र होते, आणि कोणते चार ते काकांशिवाय कोणालाच सांगता आले नसते.

आता ईपब नातीच्या फोनवर आहे, काकांच्या रीडरवर आहे, आणि वर्डमधली युनिकोड प्रत दोन पेनड्राइव्हवर. अक्षर काकांनी सगळ्यात मोठे ठेवले आहे, त्यामुळे ८४ पानांची पुस्तिका त्यांच्या पाटीवर ४१० पानांची झाली आहे. ‘एवढं मी कधी लिहिलं?’ म्हणतात.